पहाडासारखा देह, अबोल दुखणे

निपाणीहून कोल्हापूरला जाताना वाटेत कागल लागते. तेथील घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. मातोश्री राधाबाई मुधोळच्या राजघराण्यातल्या. म्हणजे आजोळ कानडी मुलखातले. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व शाहू छत्रपती झाले. राजकोटला आणि पुढे धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली शिक्षण घेऊन २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला.

महाराज धिप्पाड होते. कुस्ती, शिकार, घोडेस्वारी यांचा त्यांना भारी नाद. १९१२ मध्ये खासबागचे कुस्तीमैदान त्यांच्याच आश्रयाने उभे राहिले. असा देह पाहून आत काही दुखणे असेल, अशी शंका कोणाला येणार?

कामाचा डोंगरही तेवढाच मोठा. १९०१ पासून विद्यार्थी वसतिगृहे, १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी निम्म्या नोकऱ्या राखीव, १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांसह माणगावची परिषद. मध्यंतरी १९१८ मध्ये धाकटे पुत्र शिवाजी शिकारीतील अपघातात गेले. तरी महाराजांचे काम थांबले नाही.

६ मे १९२२ रोजी मुंबईत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

योगायोग असा की त्याच १९२२ साली इंग्लंडमध्ये ब्रॅमवेल व हिल या शास्त्रज्ञांनी नाडीच्या लहरीच्या वेगाचा धमनीच्या लवचिकपणाशी असलेला संबंध मांडला. निरोगी धमनी रबरी नळीसारखी फुगते व पुन्हा आवळते. ती ताठर झाली की लहर वेगाने धावते, वरचा रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जादा कष्ट पडतात. माणसाला मात्र काहीच जाणवत नाही. आज मान व जांघेतील नाडी एकाच वेळी टिपून हा वेग मोजता येतो. सेकंदाला दहा मीटरच्या वर गेला तर तो धोक्याचा इशारा समजतात. महाराजांच्या काळी ही सोय नव्हती.

धमन्या वयाबरोबर ताठरतातच. पण वाढता रक्तदाब, मधुमेह आणि आपल्या निपाणीच्या पेठेत गाजलेली तंबाखू ही गती वाढवतात. वेगमापनाचे यंत्र गावोगावी नसेल, पण रक्तदाबाचा पट्टा तालुक्याच्या दवाखान्यात असतोच.

मित्रहो, आपल्या भागात तालमीतला गडी म्हणजे निरोगी गडी असा समज आहे. घरातील धट्टीकट्टी माणसे डॉक्टरकडे जायला लाजतात. महाराजांनी सुरू केलेले राधानगरीचे धरण पुरे व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. ते पाहायला महाराज नव्हते. चाळिशी गाठलेल्या आपल्या वडिलांना, काकांना, मामांना वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासायला आपणच घेऊन जावे. शाहू जयंतीचा दिवस त्यासाठी काय वाईट?