पहिला कॅमेरा घेताय? आधी दादासाहेब फाळकेंची खरेदी समजून घ्या

मोबाईलवर फोटो काढून हात बसला की एक दिवस मनात येतंच, आता खरा कॅमेरा घ्यायचा. जुन्नर-आंबेगावच्या पोरांचं तर विचारूच नका. शिवनेरी, नाणेघाट, डिंभे धरण, भीमाशंकर, सगळं दारातच. मग प्रश्न येतो, कोणता घेऊ? मॉडेलच्या याद्या ढीगभर मिळतात. आज आपण एका जुन्या खरेदीची गोष्ट बघू. ती करताना घरच्या विम्याच्या पॉलिसी पणाला लागल्या होत्या.

आधी हात बसला

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. बडोद्यातच फोटो काढणं, फिल्म धुणं, प्रिंट काढणं हे सगळं त्यांनी स्वतः करून बघितलं. पुढे गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. पण प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गेलं, आणि ते गाव सुटलं. बडोद्याला परत येऊन पुन्हा धंदा मांडला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो अशी अफवा उठली आणि गिऱ्हाईक येईना.

मग त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. ती सोडून लोणावळ्याला छापखाना काढला, १९०९ मध्ये छपाईचं नवं तंत्र बघायला जर्मनीला गेले. म्हणजे सिनेमाचा कॅमेरा हातात येण्याआधी प्रकाश, काच आणि रसायनं यांच्याशी त्यांची वीसेक वर्षांची ओळख होती.

मग वेड लागलं

१९११ च्या सुमारास गिरगावातल्या तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आपले देव, आपल्या कथा पडद्यावर का नाहीत, हा विचार डोक्यात बसला तो बसलाच. पण लगेच मोठी खरेदी केली नाही. आधी एक छोटा कॅमेरा आणि रिळं आणली. रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रं पाडून अभ्यास केला. जागरणं इतकी झाली की डोळ्यांनी दिसेनासं झालं. उपचार आणि चष्म्यांच्या जोरावर दृष्टी परत आली, तेव्हा कुठे पुढचं पाऊल पडलं.

विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे राहिले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके लंडनला निघाले. वय एकेचाळीस. तिथे बायोस्कोप साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले. त्यांनी आधी या फंदात पडू नका असाच सल्ला दिला, पण माणसाची जिद्द बघून सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत ओळख करून दिली. तिथे काम कसं चालतं ते फाळक्यांनी जवळून पाहिलं.

बिलात काय काय होतं?

इथे नीट लक्ष द्या. फाळक्यांनी ५० पौंडांचा विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. हँडल फिरवून चालवायचा, बॅटरी वगैरे काही नाही. पण सोबत कोडकच्या कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही घेतलं. कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची, आणि भोकं नसली की कॅमेऱ्यात ती पुढे सरकतच नाही. ते यंत्र विसरले असते तर कॅमेरा घरात शोभेला राहिला असता.

आपलंही तसंच आहे. सगळं बजेट बॉडीवर घालवलं की लेन्स, मेमरी कार्ड, जादा बॅटरी आणि बॅग यांना पैसे उरत नाहीत. आधी पूर्ण यादी करा, मग किंमत बघा.

छोटी चाचणी, मोठं काम

एप्रिलमध्ये परत आल्यावर पैसे कोण देणार? फाळक्यांनी कॅमेऱ्यासमोर वाटाणा पेरला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण करून अंकुराची वाढ मिनिटभरात दाखवली. तुमच्या फोनमधला टाइमलॅप्स मोड तो हाच. ती फिल्म बघून पैसे देणारे तयार झाले.

मग राजा हरिश्चंद्र सुरू झाला. लांबी सुमारे ३,७०० फूट. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे जवळपास ५९,००० फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेमच्या दोन्ही कडांना मिळून आठ भोकं. हे काम अंधारात पत्नी सरस्वतीबाईंनी केलं. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, आणि उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडणं. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा साळुंके नावाच्या हॉटेलातल्या आचाऱ्याने ते केलं. ३ मे १९१३ ला सिनेमा मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला आणि चालला.

तुमच्यासाठी यात काय?

फाळक्यांनी आधी काय टिपायचं ते ठरवलं, कॅमेरा नंतर निवडला. तुम्हीही तेच करा. तुळजा किंवा मानमोडी लेण्यांच्या आत उजेड कमी असतो आणि संरक्षित ठिकाणी ट्रायपॉडला परवानगी लागते. तिथे मोठा सेन्सर आणि कमी एफ-नंबरची लेन्स कामाला येते, मेगापिक्सेलचा आकडा नाही. भीमाशंकरचा शेकरू उंच झाडावर असतो, त्याला ऑप्टिकल झूम हवा. डिजिटल झूम फोटो फक्त कापून मोठा करतो. आणि सह्याद्रीतल्या पावसात जायचं असेल तर पाण्यापासून संरक्षण आहे का, ते आधी विचारा.

शेवटची गोष्ट जरा कडू आहे. १९३१ मध्ये बोलपट आले आणि फाळके मागे पडले. १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले. त्यांचे बहुतेक चित्रपट आज कुठेच नाहीत, राजा हरिश्चंद्रचासुद्धा काही भागच पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात उरला आहे. एवढ्या कष्टाच्या फ्रेम गेल्या त्या गेल्याच.

म्हणून यादीत एक ओळ आजच वाढवा: बॅकअपसाठी हार्ड डिस्क. आणि पैसे जमेपर्यंत हातातल्या मोबाईलवर एक वाटाणा पेरून बघा.