तुमचं तिकीट ईमेलवर उशिरा का येतं, याचं गणित एर्लांगने १९१७ सालीच मांडलं होतं

तुम्ही ऑनलाईन तिकीट काढता. बुकिंग झाल्याचं लगेच दिसतं, पण ईमेलवर तिकीट यायला दोन मिनिटं लागतात. कारण ईमेल पाठवायचं काम वेबसाईट तिथल्या तिथे करतच नाही. ते रांगेत टाकते आणि तुम्हाला मोकळं करते. मागे 'वर्कर' नावाचे प्रोग्राम रांगेतली कामं उचलून उरकत असतात. ही रांग सांभाळायला तयार लायब्ररी मिळतात. पायथॉनवाल्यांची सेलरी (पगारवाली नाही, भाजीवाली), रुबीवाल्यांची साइडकिक.

पण वर्कर ठेवायचे किती? कमी ठेवले तर लोक खोळंबतात, जास्त ठेवले तर सर्व्हरचं बिल वाढतं.

हा प्रश्न इंटरनेटच्या कितीतरी आधी डेन्मार्कमधल्या एका मास्तराच्या वाट्याला आला होता. त्याचं नाव आग्नर क्रारुप एर्लांग.

१ जानेवारी १८७८ ला लॉनबोर्ग गावात त्याचा जन्म झाला. वडील गावच्या शाळेत मास्तर. पोरगा इतका हुशार की चौदाव्या वर्षी कोपनहेगन विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यायला निघाला. वय बसत नव्हतं, म्हणून खास परवानगी काढावी लागली. पास होऊन गडी गावी परतला आणि वडिलांच्याच शाळेत शिकवू लागला. पुढे शिष्यवृत्तीवर १९०१ मध्ये गणितात एमए केलं आणि परत मास्तरकीच केली.

गणितप्रेमींच्या बैठकांमध्ये त्याची ओळख योहान येन्सनशी झाली. येन्सन कोपनहेगन टेलिफोन कंपनीत इंजिनिअर होता. त्या ओळखीतून १९०८ मध्ये एर्लांग कंपनीत लागला.

तेव्हा कॉल जोडायला ऑपरेटर बसायच्या. कोण कधी फोन करेल, किती वेळ बोलेल, याचा काही भरवसा नाही. मग लाईन किती टाकायच्या? १९०९ मध्ये एर्लांगने दाखवलं की एकेक कॉल बेभरवशाचा असला, तरी सगळे मिळून संभाव्यतेचा नियम पाळतात. १९१७ मध्ये त्याने थेट सूत्रंच मांडली. किती लाईन असल्या तर किती जणांना एंगेज टोन मिळेल, किती जण किती वेळ थांबतील, सगळं कागदावर!

यातली खरी गंमत बघा. समजा एकच वर्कर आहे, एका कामाला सरासरी १ मिनिट लागतं आणि कामं कधीही येतात. वर्कर ५० टक्के वेळ बिझी असेल तर सरासरी १ मिनिट थांबावं लागतं. ९० टक्के बिझी असेल तर ९ मिनिटं. ९५ टक्क्यांना १९! म्हणजे वर्कर थोडा रिकामा बसलेला दिसला की खर्च वाचवायला निघणारे साहेब रांग स्वतःच वाढवत असतात.

हा माणूस नुसता टेबलावर बसणारा नव्हता. मोजमापं घ्यायला तो कोपनहेगनच्या रस्त्यांवर मॅनहोलमध्ये उतरायचा, सोबत शिडी घेतलेला सहायक. लग्न केलं नाही. १९२९ मध्ये पोटाच्या ऑपरेशननंतर वयाच्या ५१ व्या वर्षी तो गेला.

१९४६ मध्ये टेलिफोन वाहतूक मोजायच्या एककाला त्याचं नाव मिळालं. एका तासात ३ मिनिटांचे २० कॉल म्हणजे १ एर्लांग. पुढे १९८० च्या दशकात स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत एक प्रोग्रॅमिंग भाषा तयार झाली, तिचं नावही एर्लांग. आणि सेलरीची कामं रांगेत धरून ठेवायला जे रॅबिटएमक्यू वापरतात, ते याच भाषेत लिहिलंय.