मुंबईचे वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर



२ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी कल्याण-डोंबिवलीची मंडळीही लोकलने ठाण्याला येतात. आपण दफनभूमीत थडगी झाडतो, मेणबत्त्या लावतो, पुसट नावे हाताने पुसून वाचतो. या निमित्ताने आम्ही अशा एका मुंबईकराची ओळख करून देत आहोत, ज्यांच्या थडग्यावर त्यांचे खरे नावही नव्हते.

लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर मुंबईचे. शिक्षणासाठी ते इंग्लंडला केंब्रिजला गेले. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. वैमानिक व्हावे अशी त्यांची फार इच्छा होती. परंतु हिंदी माणसाला अधिकारी करण्यास सरकार नाखूश होते. त्यांना मेकॅनिकची जागा देऊ केली गेली. त्यांनी चिकाटी सोडली नाही आणि अखेर ते रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये अधिकारी झाले. त्या दलात लढाऊ विमान चालवणारे हिंदी तरुण मोजून चार: वेलिणकर, कोलकात्याचे इंद्रलाल रॉय, हरदित सिंग मलिक आणि एरोल सेन.

वेलिणकर २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन हे एक आसनी विमान चालवीत. वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या वर उघडे असे. इंग्रज सेना वैमानिकांना पॅराशूटही देत नसे. २७ जून १९१८ रोजी ते फ्रान्समध्ये गस्तीवर गेले, ते परतलेच नाहीत. जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागून ३० जूनला त्यांचे निधन झाले.

पुढच्याच महिन्यात, २२ जुलैला, १९ वर्षांचे रॉयही पडले. १३ दिवसांत १० विमानांवर विजय मिळवल्याबद्दल त्यांना मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. त्यांचे नाव इतिहासात राहिले. वेलिणकरांचे दफन शत्रूने केले, पण नाव चुकीचे लिहिले गेले. मुलगा कुठे विसावला, हे मुंबईच्या घरी कळेना. युद्ध संपल्यावर शोध घेतला गेला, ओळख पटली. आज आमियेंजवळ हांगार येथील दफनभूमीत ते स्वतःच्या नावाने विसावले आहेत.

पदक सर्वांच्या वाट्याला येत नाही, नाव मात्र प्रत्येकाला असते. यंदा आपल्या माणसांच्या थडग्यांवरील पुसट नावे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवू या. आणि जिथे नावच उरले नाही, तिथेही एक मेणबत्ती लावू या.