जॉन कोल्ट्रेन

मुलांनो, लग्नाच्या बँडमध्ये खाली वाकडे तोंड असलेले एक चकचकीत पितळी वाद्य तुम्ही पाहिले असेल. त्याला सॅक्सोफोन म्हणतात. या वाद्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या एका कलावंताची ही हकिकत आहे.

जॉन कोल्ट्रेन यांचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात झाला. वडील शिंपीकाम करीत. जॉन बारा वर्षांचा असताना काही महिन्यांच्या आत वडील, आजोबा आणि आजी वारले. आईला लोकांच्या घरी काम करावे लागले. त्या काळी कृष्णवर्णीयांच्या शाळासुद्धा वेगळ्या होत्या! अशा दिवसांत जॉनला वाद्याची सोबत मिळाली.

पुढे ते फिलाडेल्फियाला आले. १९५५ मध्ये माइल्स डेव्हिस या नामवंत वादकाने त्यांना आपल्या चमूत घेतले. पण कोल्ट्रेन यांना हेरॉईनचे आणि दारूचे व्यसन होते. ते वादनाच्या वेळी पेंगत. अखेर १९५७ मध्ये डेव्हिसने त्यांना काढून टाकले. आता काय करावे? ते घरी परतले आणि मन घट्ट करून त्यांनी व्यसन सोडले. त्यांची पहिली पत्नी नईमा या काळात पाठीशी होती. हे नाव तुमच्या ओळखीचे आहे ना? तिच्या नावाने त्यांनी एक अतिशय शांत धून रचली.

मग त्यांनी तासन्‌तास सराव केला. १९६३ मध्ये बर्मिंगहॅम शहरातील चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बाँब ठेवला. त्यात चार मुली ठार झाल्या. कोल्ट्रेन यांनी भाषण केले नाही. त्यांनी ‘अलाबामा’ ही धून वाजवली. शब्द नसूनही ती ऐकताना कोणी रडत आहे असे वाटते. पंडित रविशंकर यांच्या सतारीचीही त्यांना ओढ होती. १९६५ मध्ये झालेल्या मुलाचे नाव त्यांनी रवी ठेवले.

त्याच वर्षी त्यांनी दहा वादकांना घेऊन ‘असेन्शन’ वाजवले. सुरुवातीची चाल थोडीशी ठरलेली. पुढे ज्याला जसे सुचेल तसे! सुमारे चाळीस मिनिटे हे वादन थांबले नाही. यालाच मुक्त जाझ म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तर तुम्हीही कानांवर हात ठेवाल. अनेक जुने चाहते नाराज झाले. वर्षानुवर्षे साथ देणारे पियानोवादक मॅकॉय टायनर आणि ढोलवादक एल्विन जोन्सही चमू सोडून गेले. पूर्वीच्या गोड धुना वाजवून कोल्ट्रेन सुखाने पैसा मिळवू शकले असते. त्यांनी तसे केले नाही.

१९६६ मध्ये ते जपानला गेले. तेथे नागासाकीत अणुबाँबने मेलेल्यांच्या स्मारकापुढे त्यांनी प्रार्थना केली.

१७ जुलै १९६७ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे चाळीस. न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये अंत्यविधीच्या वेळी अल्बर्ट आयलर आणि ऑर्नेट कोलमन हे सॅक्सोफोनवादक आपापल्या साथीदारांसह उभे राहिले. ज्या संगीतावर लोक रागावले होते, तेच त्यांनी तेथे वाजवले.