आधी खराटा, मग कीर्तन : श्रीसंत गाडगेबाबा



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून हा अंक काढायचं ठरलं. कोणी कोणत्या संतांचं चरित्र लिहायचं याची वाटणी झाली, तेव्हा गाडगेबाबांचं चरित्र आम्ही मागून घेतलं. बाबांकडून आपली दिंडी एक गोष्ट शिकली, आणि तीही चुकून, ठेच लागून शिकली. ती शेवटी सांगू. आधी बाबांचं चरित्र ऐका.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावी, परीट घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आल्या. तिथे डेबूजींनी गुरं राखली, नांगर धरला, घाम गाळून शेती केली. पण मामांची जमीन सावकाराच्या कर्जात बुडाली. घरात अक्षरओळख नाही, कागदावर काय लिहिलंय ते कळायचं कसं? दारू आणि अडाणीपणा, या घरच्या दोन ठेचा बाबा जन्मभर विसरले नाहीत. दुसऱ्याच्या लेकरांना त्या लागू नयेत म्हणूनच त्यांनी पुढे गावोगाव पाय झिजवले.

त्या काळी बारशाला जातभाईंना दारू आणि मटण द्यायची रीत होती. आपल्या मुलीच्या बारशाला डेबूजींनी गोडाचं जेवण घातलं. लोक रुसले, पण ते बधले नाहीत. सुधारणेची सुरुवात त्यांनी अशी आपल्याच उंबरठ्यावर केली.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक फुटकं गाडगं. त्या गाडग्यातच भाकरी खायची, त्यातूनच पाणी प्यायचं. लोकांनी त्यावरूनच त्यांना गाडगेबाबा म्हटलं.

बाबा गावात शिरले की कुणाशी न बोलता रस्ते झाडायला लागत. गटारं उपसत. लोकांना वाटे, कुणी वेडा आलाय. पण रात्री त्याच झाडलेल्या जागेवर बाबा कीर्तनाला उभे राहत. झाडलेली गल्ली चार दिवसांत पुन्हा घाण होते. मनातली घाण निघाल्याशिवाय ती स्वच्छ राहत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन. कीर्तनात ते साध्या वऱ्हाडी बोलीत लोकांनाच प्रश्न विचारीत, आणि उत्तर लोकांकडूनच वदवून घेत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे मुकं जनावर कापू नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शाळेत घाला, हाच त्यांचा उपदेश. ज्यानं भर कीर्तनात स्वतःच्या तोंडानं हो म्हटलं, त्याला दुसऱ्या दिवशी मागं फिरणं जड जाई.

अशी माणसं जोडत बाबांनी केवढी कामं उभी केली! ऋणमोचनला १९०८ साली पूर्णेवर घाट बांधला. पंढरपुरात १९१७ साली चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण ज्यांना अस्पृश्य म्हणत त्या वारकऱ्यांना पंढरीत पाठ टेकायला जागा मिळत नव्हती. १९४९ साली ही धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. वारीच्या गर्दीत बाबा चंद्रभागेचं वाळवंट झाडायचे. तीच त्यांची विठ्ठलसेवा. पाया पडू देत नसत, कुणाला शिष्य केलं नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला, पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला.

आता आपली चूक. काही वर्षांपूर्वी एका शेतकरीदादांनी दिंडीला शेतात मुक्काम दिला. आपण हरिपाठ केला, जेवलो आणि पहाटे निघालो. मागं पत्रावळ्या, द्रोण, प्लास्टिकचे पेले तसेच पडले. दादा काही बोलले नाहीत. पण पुढच्या वर्षी मुक्कामाला गेलो, तर शेताला काटेरी कुंपण होतं. तेव्हा कुठे आपले डोळे उघडले.

मग आपण तरुण पोरांची तुकडी केली, हातात खराटे दिले. तिसऱ्या मुक्कामालाच पोरं कंटाळली. पोरं झाडत होती आणि आपण थोरले मागून पेले टाकत होतो. दोष मात्र पोरांना दिला. बाबांचं चरित्र पुन्हा वाचलं तेव्हा समजलं, बाबांनी खराटा आधी कधी दुसऱ्याच्या हातात दिलाच नाही. आधी स्वतः वाकले, मग लोक आपणहून वाकले.

तेव्हापासून तुकडी मोडली. वीणेकरी, चोपदार आणि थोरली माणसं आधी वाकतात. ज्यानं त्यानं आपल्या राहुटीपुढची जागा वेचायची, कचरा पोत्यात भरायचा, आणि मग पुढं निघायचं. अजूनही एखाद्या मुक्कामी चुकतं. पाऊस असला, उशीर झाला की पोतं मागं राहतं. मग रात्रीच्या कीर्तनात सगळ्यांसमोर विचारतो, कुणाकडून राहिलं? ज्याचं राहिलं तो हात वर करतो. त्याला कुणी हसत नाही. उद्याचं पोतं तो उचलतो.

तर माउली, यंदा तळ हलवताना एक करा. टाळ गळ्यात घालण्याआधी एकदा मागं वळून आपली जागा बघा. जिथं रात्री नाम घेतलं, ती जमीन कुणाची तरी भाकर आहे.