मुद्रणस्वातंत्र्याचा कैवारी : अँडर्स क्युडेनियस

अठराव्या शतकात स्वीडनचे राज्य आजच्यापेक्षा बरेच विस्तृत होते. आज स्वतंत्र राष्ट्र म्हणून नांदत असलेला फिनलंड त्या काळी स्वीडनच्या राज्याचाच एक भाग होता. या फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, बॉथ्नियाच्या आखाताच्या काठी, ओस्ट्रोबॉथ्निया नावाचा प्रांत आहे. तेथील हिवाळा दीर्घ आणि कडक. शेतीचे उत्पन्न बेताचे. परंतु पाइन वृक्षांची अरण्ये मात्र अफाट. या वृक्षांपासून डांबर काढावे आणि ते विकून मीठ व इतर गरजेच्या वस्तू आणाव्यात, हाच तेथील लोकांचा उदरनिर्वाहाचा एक मोठा मार्ग होता. त्या काळातील जहाजे लाकडाची असत. त्यांच्या फळ्यांना व दोरखंडांना डांबर चोपडल्याखेरीज ती समुद्रात टिकत नसत. त्यामुळे साऱ्या यूरोपात या डांबराला मागणी होती. असे असूनही ते काढणारा शेतकरी मात्र दरिद्रीच राही. हे असे का व्हावे, हा प्रश्न ज्याने निर्भयपणे विचारला आणि त्याचे उत्तर थेट राज्याच्या संसदेत जाऊन मांडले, तो अँडर्स क्युडेनियस हा एका लहानशा खेड्यातील धर्मोपदेशक होता.

अँडर्सचा जन्म २६ फेब्रुवारी १७२९ रोजी सोत्कामो या गावी झाला. त्याचे वडील जेकब हे ल्यूथरपंथीय धर्मोपदेशक होते. अँडर्स लहान असतानाच त्यांची बदली उत्तरेकडील कूसामो या दूरच्या मुलखात झाली. त्या ओसाड प्रदेशात बालपण गेल्यामुळे गरिबांचे कष्ट आणि निसर्गाची अवकृपा यांचा परिचय त्याला पुस्तकांच्याही आधी झाला. पुढे तुर्कू आणि उप्साला येथील विद्यापीठांत त्याने शिक्षण घेतले. धर्मशास्त्राबरोबरच निसर्गविज्ञान आणि अर्थव्यवहार या विषयांचीही त्याला गोडी लागली. १७५३ मध्ये नेदेरवेतिल या खेड्यात त्याची उपधर्मोपदेशक म्हणून नेमणूक झाली. दोन वर्षांनी बेआटा माग्दालेना मेलबर्ग हिच्याशी त्याचा विवाह झाला.

नेदेरवेतिलमध्ये क्युडेनियसने केवळ प्रवचने करण्यात समाधान मानले नाही. दलदलीचे पाणी काढून देऊन त्याने जमीन लागवडीखाली आणली. नवी पिके करून पाहिली. जवळपास वैद्य नसल्यामुळे त्याने वैद्यकाचाही अभ्यास केला. तो लोकांना देवी टोचीत असे आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही करीत असे. खेड्यातील प्रत्येक घराशी त्याचा असा निकटचा संबंध आला. गरीब माणूस आळसामुळे गरीब राहतो, हे त्या काळातील प्रतिष्ठितांचे मत त्याला पटेनासे झाले. लोक कष्टाळू आहेत, परंतु त्यांच्या कष्टांचे फळ कायदाच दुसऱ्याच्या पदरात टाकतो, अशी त्याची खात्री होत गेली.

ती खात्री अनाठायी नव्हती. सतराव्या शतकापासून एक जाचक निर्बंध या किनाऱ्यावर लादण्यात आला होता. बॉथ्नियाच्या आखातावरील नगरांना परदेशांशी प्रत्यक्ष व्यापार करण्याची मनाई होती. त्यांनी आपला माल स्टॉकहोम किंवा तुर्कू येथेच नेला पाहिजे, असा दंडक होता. डांबराची किंमत तेथील बडे व्यापारी ठरवीत आणि परतीच्या मिठाचा भावही तेच ठरवीत. म्हणजे विकतानाही तोटा आणि विकत घेतानाही तोटा. १७६३ मध्ये क्रोनबी येथे या प्रश्नाचा विचार करण्यासाठी सभा भरली, तेव्हा क्युडेनियसने मुक्त नौकानयनाची बाजू हिरिरीने मांडली. त्याच वर्षी, इतके लोक देश सोडून का जातात, या विषयावर स्टॉकहोमच्या विज्ञान अकादमीने निबंध मागविले होते. क्युडेनियसने आपला निबंध धाडला. ज्या देशात माणसाला मोकळेपणाने कष्ट करून पोट भरता येत नाही, तो देश माणूस सोडणारच, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. निबंधाला पारितोषिक मिळाले नाही. परंतु लेखकाला आपली दिशा सापडली.

१७६५ च्या जानेवारीत स्टॉकहोम येथे संसदेचे अधिवेशन सुरू झाले. तिला रिक्सदाग असे म्हणत. सरदार, धर्मोपदेशक, नागर आणि शेतकरी अशा चार वर्गांचे प्रतिनिधी तिच्यात वेगवेगळे बसत आणि बहुधा तीन वर्गांची संमती मिळाली म्हणजे ठराव संमत होई. राजाची सत्ता त्या काळी नाममात्र होती. खरा कारभार रिक्सदागच करीत असे. तिच्यात 'हॅट' आणि 'कॅप' असे दोन पक्ष होते. कित्येक वर्षे सत्तेवर असलेल्या हॅट पक्षाचा या वेळी पराभव होऊन कॅप पक्षाच्या हाती सूत्रे आली होती. क्युडेनियस धर्मोपदेशकांच्या वर्गात ओस्ट्रोबॉथ्नियाचा प्रतिनिधी म्हणून आला. त्याचा ओढा कॅप पक्षाकडे होता. छत्तीस वर्षांच्या या अपरिचित उपदेशकाकडे राजधानीतील मुत्सद्द्यांनी प्रथम फारसे लक्ष दिले नाही. परंतु थोड्याच महिन्यांत त्याच्या लेखणीने सर्वांना त्याची दखल घेण्यास भाग पाडले.

पहिला लढा अर्थातच डांबराचा होता. स्टॉकहोम व तुर्कू येथील व्यापाऱ्यांनी कसून विरोध केला. तरीही १७६५ मध्येच रिक्सदागने जुना निर्बंध सैल केला आणि फिनलंडमधील कोक्कोला, वासा, पोरी व ओउलू या नगरांना परदेशांशी व्यापार करण्याचा अधिकार मिळाला. आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावरील काही स्वीडिश नगरांनाही तोच लाभ झाला. एवढे यश कोणत्याही प्रतिनिधीला पुरेसे वाटले असते. परंतु क्युडेनियस एका प्रांताच्या गाऱ्हाण्यापाशी थांबला नाही. त्याच वर्षी त्याने राष्ट्राच्या लाभासंबंधी एक छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध केला. सरकारने एका धंद्याला बक्षिसे द्यावीत आणि दुसऱ्यावर बंधने घालावीत, यामुळे राष्ट्र श्रीमंत होत नाही. प्रत्येकाला आपल्या कुवतीनुसार काम निवडू द्यावे, म्हणजे व्यक्तीचा लाभ आणि राष्ट्राचा लाभ आपोआप एकत्र येतात, असे त्याने त्यात प्रतिपादन केले. ॲडम स्मिथचा सुप्रसिद्ध अर्थशास्त्रीय ग्रंथ १७७६ मध्ये बाहेर पडला. म्हणजे त्याच्या अकरा वर्षे आधी उत्तरेकडील या उपदेशकाने तशाच स्वरूपाचा विचार मांडला होता.

परंतु क्युडेनियसचे सर्वांत मोठे कार्य वेगळेच आहे. त्या काळी स्वीडनमध्ये कोणतेही पुस्तक छापण्यापूर्वी सरकारी परीक्षकाची परवानगी घ्यावी लागे. राज्यकारभाराचे कागद तर गुप्तच ठेवले जात. कर किती जमले, ते कोठे खर्च झाले, कोणत्या अधिकाऱ्याने कोणता निर्णय का दिला, हे सामान्य प्रजेला कळण्याचा मार्ग नव्हता. सत्य आणि असत्य यांना उघड्या मैदानावर झुंजू दिले, तर सत्याला भिण्याचे कारण नाही. अंधार हवा असतो तो अन्याय करणाऱ्याला, अशी क्युडेनियसची धारणा होती. मुद्रणस्वातंत्र्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीत त्याने रात्रंदिवस खपून या धारणेला कायद्याचे रूप देण्याचा प्रयत्न केला. समितीपुढील महत्त्वाची टिपणे त्याच्याच लेखणीतून उतरली. चीनमधील लेखनस्वातंत्र्याविषयीचा एक डॅनिश लेखही त्याने स्वीडिश भाषेत आणून प्रसिद्ध केला. दूरच्या देशाचा दाखला दिला असता लोकांना आपल्या देशातील उणीव अधिक स्पष्ट दिसेल, हा त्यामागील हेतू. आपण इतर कोणत्याही कामासाठी इतके परिश्रम केले नाहीत, असे त्याने उतारवयात नमूद करून ठेवले आहे.

हा कायदा आकार घेत असतानाच त्याच्या आयुष्यातील कसोटीचा क्षण आला. मागील युद्धांच्या काळात हॅट पक्षाच्या सरकारने भरमसाट कागदी नोटा काढल्या होत्या आणि नाण्याची किंमत घसरून महागाई झाली होती. कॅप पक्षाने नाण्याला त्याची जुनी किंमत हळूहळू परत मिळवून देण्याचे ठरविले. हा निर्णय क्युडेनियसच्या स्वतःच्या पक्षाचा होता आणि रिक्सदागने तो संमतही केला होता. परंतु त्याचे परिणाम त्याला स्पष्ट दिसत होते. ज्याने स्वस्त पैशात कर्ज घेतले, त्याला ते महाग पैशात फेडावे लागणार. सावकार गबर होणार, कर्जदार बुडणार आणि कारखाने बंद पडणार. म्हणून नाण्याची आहे ती किंमतच कायम करावी, असे त्याचे मत होते. गप्प बसला असता तर त्याचे पद आणि पक्षातील मान ही दोन्ही सुरक्षित राहिली असती. परंतु ज्याने इतरांसाठी बोलण्याचा अधिकार मागितला, त्याने स्वतः मौन कसे धरावे? १७६६ मध्ये त्याने आपले मत एका पुस्तिकेत मांडून ती प्रसिद्ध केली.

रिक्सदागच्या निर्णयावर अशी उघड टीका झालेली पाहून पक्षातील पुढारी संतप्त झाले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात क्युडेनियसच्याच वर्गाने, म्हणजे धर्मोपदेशकांनी, त्याला सभागृहातून काढून टाकले. मुद्रणस्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या प्रतिनिधीला छापलेल्या मजकुराबद्दलच शिक्षा झाली! तो निमूटपणे आपल्या खेड्यात परतला.

परंतु त्याने लावलेले रोप उपटले गेले नाही. २ डिसेंबर १७६६ रोजी राजा अडॉल्फ फ्रेडरिक याच्या नावाने मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा जारी झाला. धर्मविषयक ग्रंथ वगळता इतर लेखनाची पूर्वतपासणी बंद झाली. राज्यघटना, राजा आणि धर्म यांच्या अवहेलनेस मनाई मात्र कायम राहिली. याहून महत्त्वाचे म्हणजे न्यायालये, सरकारी कचेऱ्या आणि रिक्सदाग यांचे कागद पाहण्याचा, त्यांच्या नकला घेण्याचा व ते छापण्याचा अधिकार नागरिकांना मिळाला. असा अधिकार कायद्याने देणारा स्वीडन हा जगातील पहिला देश होय. ज्याने त्यासाठी जिवाचे रान केले, तो मात्र त्या वेळी राजधानीपासून दूर, नेदेरवेतिलच्या बर्फात होता. नाण्याविषयीचे त्याचे भाकीतही लवकरच खरे ठरले. देशात मंदी पसरली, अनेकांचे दिवाळे निघाले आणि १७६९ मध्ये कॅप पक्षाला सत्ता गमवावी लागली.

१७७० मध्ये क्युडेनियस कोक्कोला येथे मुख्य धर्मोपदेशक झाला. दोनच वर्षांनी तरुण राजा तिसरा गुस्ताव याने बंड करून रिक्सदागची सत्ता हिरावून घेतली आणि १७७४ मध्ये मुद्रणस्वातंत्र्यावर पुन्हा बंधने घातली. तथापि क्युडेनियस निराश झाला नाही. १७७८ मध्ये भरलेल्या रिक्सदागेत तो पुन्हा प्रतिनिधी म्हणून गेला. या वेळी त्याने ज्यांना सभागृहात कोणीच प्रतिनिधी नव्हता, अशा शेतमजुरांचा व घरगड्यांचा कैवार घेतला. त्या काळच्या कायद्याप्रमाणे गरिबाला कोणातरी धन्याकडे वर्षाच्या कराराने राबावेच लागे आणि त्याच्या वेतनाची कमाल मर्यादाही सरकार ठरवी. गड्यालाही धन्याइतकाच निसर्गदत्त हक्क आहे. आपले श्रम कोणाला व किती मोलाने द्यावेत हे त्याचे त्याने ठरवावे, असे क्युडेनियसने प्रतिपादन केले. जमीनदारांना हे विचार रुचले नाहीत आणि कायदाही लगेच बदलला नाही. परंतु मुक्यांच्या वतीने कोणीतरी बोलले, हीच त्या काळी मोठी गोष्ट होती.

१७७९ च्या आरंभी त्याने आणखी एक धाडस केले. स्वीडनमध्ये ल्यूथरपंथाखेरीज अन्य धर्मपंथांना मोकळीक नव्हती. परदेशातून येऊन राहणाऱ्यांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करू द्यावी, अशी सूचना त्याने मांडली. स्वतः धर्मोपदेशक असलेल्या माणसाने असे म्हणावे, याचा त्याच्या सहकाऱ्यांना मोठा राग आला. धर्मोपदेशकांच्या वर्गाने सूचनेला विरोध केला. परंतु उरलेल्या तीन वर्गांनी ती मान्य केली. राजाचीही तिला अनुकूलता होती. तिच्यातूनच १७८१ मध्ये परदेशी ख्रिस्ती पंथीयांना उपासनेची मुभा देणारे फर्मान निघाले. आपल्या वर्गाचा रोष पत्करून दुसऱ्याच्या श्रद्धेचे रक्षण करणे, हे स्वतःच्या श्रद्धेवर दृढ विश्वास असल्याखेरीज शक्य होत नाही.

१७९२ मध्ये येव्ले येथे भरलेल्या रिक्सदागेलाही तो उपस्थित होता. त्याचे अखेरचे दिवस कोक्कोला येथे शेतीचे प्रयोग, रुग्णांची शुश्रूषा आणि संगीत यांत गेले. त्याच्या घरी हौशी वादकांचा एक लहानसा वाद्यवृंद जमत असे. १ फेब्रुवारी १८०३ रोजी या कर्तव्यनिष्ठ पुरुषाने इहलोकीची यात्रा संपविली.

त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी फिनलंड स्वीडनपासून तुटून रशियाच्या अमलाखाली गेला आणि १९१७ मध्ये स्वतंत्र झाला. या दोन्ही राष्ट्रांना क्युडेनियस आपला वाटतो. १९८६ पासून युरो येईपर्यंत फिनलंडच्या हजार मार्कांच्या नोटेवर त्याचे चित्र होते. स्वीडनमध्ये मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा हा राज्यघटनेचाच एक भाग आहे. सरकारी कागद पाहण्याचा नागरिकांचा अधिकार पुढे जगातील अनेक देशांनी मान्य केला. भारताने २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा करून तो आपल्या नागरिकांना दिला. कोक्कोलाच्या उपदेशकाला सत्ता कधीच लाभली नाही. तो मंत्री झाला नाही, सेनापती झाला नाही, आणि ज्या सभागृहात त्याने सर्वांत अधिक श्रम केले, तेथून त्याला घालवून देण्यात आले. तरीही ज्यांनी त्याला घालविले, त्यांची नावे आज फारशी कोणाला ठाऊक नाहीत. सत्य बोलण्याची किंमत त्याने स्वतः मोजली. त्याचा लाभ मात्र त्याने पुढील पिढ्यांसाठी ठेवला.