लॅम्बटनची यंत्रे आणि यंत्रांवरची नावे

चिखलदऱ्यास येणारा प्रवासी गाविलगड पाहिल्यावाचून सहसा परतत नाही, आणि गड पाहताना १५ डिसेंबर १८०३ रोजी तो जिंकणाऱ्या ऑर्थर वेलस्लीचे नाव त्याच्या कानी पडतेच. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून जगास ठाऊक झाला. त्याच्याच तेहतिसाव्या पलटणीतील एक अबोल अधिकारी येथून फार दूर नसलेल्या हिंगणघाटास चिरनिद्रा घेत आहे, याची मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच वार्ता असते. विल्यम लॅम्बटन हे त्याचे नाव. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा तो जनक. वेलस्लीने वऱ्हाड तलवारीने गाठले. लॅम्बटनचे काम साखळीने आणि दुर्बिणीने वऱ्हाडाच्या दिशेने सरकत आले. त्या साखळीवर आणि दुर्बिणीवर कोणाची नावे होती, आणि ती खरोखर कोणाच्या हातची होती, हा प्रश्न त्याच्या चरित्राइतकाच महत्त्वाचा आहे.

लॅम्बटनचा जन्म १७५३च्या सुमारास यॉर्कशायरमधील एका साध्या शेतकरी घरात झाला. सैन्यात शिरून तो अमेरिकेत गेला, १७८१ साली यॉर्कटाउनला कैद झाला, आणि नंतरची बरीच वर्षे तिकडेच बराकींचा कारभार पाहण्यात त्याने घालविली. बढतीच्या दृष्टीने हा काळ वाया गेला. पण त्या एकांतात त्याने गणित व भूमितिशास्त्र आत्मसात केले. सूर्यग्रहण पाहण्याच्या नादात एका डोळ्याची दृष्टीही त्याने गमावली. पुढे तो कलकत्त्यास येऊन आपल्या पलटणीस मिळाला. १७९९च्या म्हैसूर युद्धात रात्रीच्या कूचीत जनरल बेअर्डची तुकडी शत्रूच्या तळाकडे चालली आहे, हे त्याने केवळ ताऱ्यांवरून ओळखले.

श्रीरंगपट्टण पडल्यावर द्वीपकल्पाची शास्त्रशुद्ध मोजणी करण्याची योजना त्याने मांडली. योजना मंजूर झाली, पण यंत्रे कोठून आणावयाची? येथे एक गमतीदार योगायोग घडला. १७९३ साली लॉर्ड मॅकार्टनेच्या वकिलातीने चीनच्या बादशहास नजर करण्यासाठी काही शास्त्रीय उपकरणे नेली होती. बादशहाला त्यांचे कौतुक वाटले नाही. ती डॉक्टर डिनविडी या शास्त्रज्ञाकडे आली, त्याच्याबरोबर कलकत्त्यास पोहोचली, आणि तेथून लॅम्बटनला मिळाली. त्यांत पोलादी कड्यांची शंभर फूट लांबीची साखळी होती आणि ताऱ्यांवरून अक्षांश काढण्याचे एक मोठे यंत्रही होते. दोन्ही लंडनच्या जेसी रॅम्सडेनच्या कारखान्यातली होती.

रॅम्सडेनच्या नावापाशी थोडे थांबणे अगत्याचे आहे. वर्तुळावर अंश आणि कला अचूक आखणे हे अशा उपकरणाचे मर्म. पूर्वी ते काम निष्णात कारागीर हाताने करीत. रॅम्सडेनने त्यासाठी यंत्र तयार केले. सरकारच्या रेखांश मंडळाने त्याला पुरस्कार देऊन १७७७ साली त्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि अट अशी घातली की इतर कारागिरांची उपकरणेही त्याने ठराविक दराने आखून द्यावीत: पितळी सेक्स्टंटला सहा शिलिंग, ऑक्टंटला तीन. परिणाम उघड होता. उपकरणाच्या दर्शनी भागावर दुकानदाराचे नाव झळकू लागले, पण ज्या रेघांवर खलाशाचा जीव अवलंबून असे त्या रॅम्सडेनच्या यंत्राने आखलेल्या असत. अशा पट्टीवर जहाजाच्या नांगराची एक बारीक खूण आणि दोन बाजूंस त्याच्या नावाची आद्याक्षरे उठविलेली आढळतात. जुन्या उपकरणांचा जाणकार म्हणूनच मोठ्या अक्षरांतल्या नावाआधी ही खूण शोधतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने याकडे अवश्य लक्ष द्यावे. नाव विकणाऱ्याचे आणि अचूकता घडविणाऱ्याची, ही विभागणी जाहिरातीच्या युगाने निर्माण केलेली नाही. ती अठराव्या शतकातही बाजाराच्या अंगवळणी पडलेली होती.

लॅम्बटनचा प्रसिद्ध थिओडोलाइट विल्यम कॅरी याने लंडनमध्ये बनविला. कॅरी हा रॅम्सडेनच्याच हाताखाली तयार झालेला. सुमारे अर्धा टन वजनाचे आणि छत्तीस इंची वर्तुळाचे हे यंत्र समुद्रमार्गे येत असता फ्रेंचांनी जहाज पकडले व ते मॉरिशसला नेले. तेथील गव्हर्नरने ते शास्त्रकार्यासाठी असल्याचे पाहून मद्रासला पाठवून दिले, हे त्या काळाच्या सौजन्यास शोभणारे झाले. तोवर, १० एप्रिल १८०२ रोजी, लॅम्बटनने मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट येथे पहिली आधाररेषा मोजण्यास प्रारंभ केलाही होता. साडेसात मैलांची ती रेषा मोजण्यास सत्तावन्न दिवस लागले. पुढे मद्रासपासून मंगळूरपर्यंत त्रिकोणांची माळ गुंफल्यावर द्वीपकल्पाची रुंदी चारशे मैल नसून तीनशे साठच आहे असे सिद्ध झाले. नकाशातले चाळीस मैल नाहीसे झाले! तरीही मद्रासच्या हिशेबनिसांपैकी एकाचे म्हणणे असे की, श्रीरंगपट्टणास जावयाचे तर पालखीच्या भोयांना सांगितले की पुरे, त्यासाठी नकाशा कशाला हवा. संशोधनावरील खर्चाविषयी असे विचारणारे लोक प्रत्येक पिढीत असतात.

१८०८ साली तंजावरच्या मंदिराच्या उंच शिखरावर थिओडोलाइट चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. ज्या वर्तुळावर सारे गणित उभे, तेच वाकले. दुसरे यंत्र येण्यास काही वर्षे गेली असती. लॅम्बटनने स्वतःस कारागिरांसह कोंडून घेतले. एका सपाट फळीवर नेमक्या आकाराचे वर्तुळ कापले, पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून वाकलेली कड हळूहळू त्यात ताणून बसविली, आणि लहान लाकडी हातोड्यांनी आतले आरे सरळ केले. सहा आठवड्यांनी यंत्र जवळजवळ पूर्ववत् झाले. यंत्रावरचे नाव कॅरीचेच राहिले. पण त्यानंतर जे कोन मोजले गेले, त्यांच्या अचूकतेत दक्षिण हिंदुस्थानच्या त्या तंबूतील हातांचा वाटा नव्हता असे कोण म्हणेल?

१८१८ साली या कामास हिंदुस्थानचे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट मदतनीस म्हणून आला. लॅम्बटन आता पासष्टीचा होता. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलविताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटास त्याचा अंत झाला. त्याच वर्षी इंग्रजांना चिखलदऱ्याचा शोध लागला असे सांगतात. मोजणीचे रेखावृत्त मग एव्हरेस्टने वऱ्हाडातील टाकळखेड्यावरून उत्तरेस नेले.

एव्हरेस्टने १८३० साली लंडनच्या ट्रॉटन आणि सिम्सची नवी यंत्रे आणली आणि हेन्री बॅरो हा इंग्रज कारागीरही आणविला. बॅरो गेल्यावर मात्र त्याची जागा घेतली ती आर्काटच्या सय्यद मीर मोहसिन हुसेन याने. सर्वेक्षणाच्या यंत्रांची दुरुस्ती, पुनर्रचना आणि अंशांकन हा एतद्देशीय कारागीर करू शकतो, हे वरिष्ठांच्या गळी उतरविण्यासाठी एव्हरेस्टला आग्रह धरावा लागला. केवळ कोरलेल्या नावावर विश्वास ठेवला तर या माणसाचे सारे काम लंडनच्या खात्यावर जमा होते.

हा हिशेब अजूनही पुरता मिटलेला नाही. जुन्या शाळा, महाविद्यालये आणि मोजणी कचेऱ्यांच्या कपाटांत पितळी थिओडोलाइट, लेव्हल आणि मोजपट्ट्या पडून असतात. त्यांवर कलकत्ता वा मुंबईच्या विक्रेत्याचे नाव असते, आणि जडसंग्रह नोंदवहीत निर्माता म्हणून तेच उतरविले जाते. मग एके दिवशी निर्लेखन होऊन पितळेच्या भावाने वजनावर विक्री होते. त्यापूर्वी करावयाचे काम कठीण नाही. पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटविलेला कागद वाचावा. अंशपट्टीवरील आकड्यांचे वळण आणि नावाच्या अक्षरांचे वळण ताडून पाहावे, कारण दोन्ही वेगळ्या हातची असू शकतात. सुट्या भागांच्या आतील अंगावर जोडणीसाठी केलेले आकडे किंवा ओरखडे टिपून घ्यावेत, आणि मूळचा भाग कोणता व मागाहून बसविलेला कोणता हे पाहावे. नोंदवहीत विक्रेता, निर्माता आणि दुरुस्ती करणारा असे तीन स्वतंत्र रकाने आखावेत. निर्लेखनाच्या समितीवर भौतिकशास्त्राचा व इतिहासाचा प्रत्येकी एक शिक्षक घेण्यास शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्राचार्यांच्या एका परिपत्रकाने ते होऊ शकते, आणि येत्या मार्चअखेरच्या साठा-तपासणीपासूनच ते सुरू करता येईल.